फटका कोणाचा?

पायमोज्यात टेनिसचा चेंडू घालायचा, तोंडाशी घट्ट गाठ मारायची आणि सुतळीने तो झाडाच्या आडव्या फांदीला टांगायचा. उंची गुडघ्याच्या जरा वर. गावोगावी ज्या पोरांना नेट नाही, प्रशिक्षक नाही, चेंडू टाकायला जोडीदारही नाही, त्यांचा सराव असा सुरू होतो. बॅट सरळ आली आणि चेंडू मधोमध लागला, तर तो ज्या रेषेत गेला त्याच रेषेत परत येतो. मनगट जरासं वळलं की चेंडू गोल गोल फिरू लागतो आणि पुढचा फटका मारण्याआधी त्याला हाताने धरून थांबवावं लागतं. चूक तिथल्या तिथे दिसते, कुणी सांगावी लागत नाही.

एकच कृती पुन्हा पुन्हा करण्याची एक दुसरी रीतही आहे. ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यातलं अकलोली हे तानसा नदीकाठचं गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखलं जातं. जवळच वज्रेश्वरी. १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांचा नवस फेडण्यासाठी उभं राहिलेलं देवीचं मंदिर तिथे आहे. थोडं पुढे गणेशपुरी. १९३६ च्या सुमारास भगवान नित्यानंद तिथे येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. या टापूत येणारा भाविक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला येतो. कुंडात बुडी, देवळाला प्रदक्षिणा, माळेचा एकेक मणी. आणि हाच ठाणे जिल्हा टेनिस क्रिकेटचंही माहेर आहे. मार्च २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला तो ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर. हलका चेंडू आणि मोजकी षटकं यांमुळे या खेळात फटक्याची एक वेगळीच जात तयार झाली आहे. पुढचा पाय बाजूला काढायचा, कंबर फिरवायची आणि आडव्या बॅटने चेंडू मिडविकेटवरून भिरकावून द्यायचा. क्रिकेटच्या पाठ्यपुस्तकापेक्षा हा फटका बेसबॉलला जवळचा आहे.

माळ ओढणारा आणि मोज्यातला चेंडू मारणारा, दोघेही एकच कृती शेकडो वेळा करतात. एकाला आपण साधक म्हणतो, दुसऱ्याला खेळाडू. दोघांनाही एकच प्रश्न विचारता येतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही: इतक्या वेळा केल्यावर जी कृती आपोआप घडू लागते, ती करणारा कोण?

बेसबॉल हा प्रश्न फार उघडपणे मांडतो. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जातात, पण मोठ्या वाचकवर्गाला या खेळाची मापं माहीत नसतात, म्हणून ती सांगणं भाग आहे. चेंडू फेकणाऱ्याची पट्टी आणि फलंदाजाची जागा यांत १८.४४ मीटरचं अंतर असतं. चेंडू टप्पा न पडता थेट येतो. ताशी १४५ किलोमीटर वेगाने तो हातातून सुटला, तर फलंदाजापर्यंत पोचायला त्याला सुमारे ०.४ सेकंद लागतात. खुद्द बॅट फिरवण्यातच त्यातले ०.१५ सेकंदांच्या आसपास जातात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू बघायचा, ओळखायचा, आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायचं. बॅट गोल, जाडीला जास्तीत जास्त ६.६ सेंटिमीटर, चेंडूही गोल. ए. टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिलं, की अव्वल खेळाडूची नजरसुद्धा शेवटच्या पाच-साडेपाच फुटांत चेंडूच्या मागे पडते. ‘चेंडूवर नजर ठेव’ हा जगभरचा उपदेश शेवटच्या टप्प्यात कुणालाच पाळता येत नाही.

म्हणजे ज्या क्षणी बॅट चेंडूला भिडते त्या क्षणी फलंदाज चेंडू नीट पाहतही नसतो आणि विचार तर करतच नसतो. मैदान टाळ्या वाजवतं. पण नेमकं कोणाला?

गीतेच्या अठराव्या अध्यायात या प्रश्नाचं एक उत्तर आहे, आणि ते चकित करावं इतकं तपशीलवार आहे. कुठल्याही कर्माला पाच कारणं लागतात असं तिथे सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि पाचवं दैव. फटक्याला हे पाचही लावून पाहावेत. शरीर हे अधिष्ठान. डोळे, मनगटं, खांदे आणि हातातली बॅट ही करणं. पाय टेकण्यापासून कंबर वळण्यापर्यंतच्या हालचाली या चेष्टा. ऐनवेळी सुटलेला वारा, चेंडूच्या शिवणीने खाल्लेली हवा, क्षेत्ररक्षकाचं एक पाऊल इकडे की तिकडे, हे दैव. ‘मी मारला’ म्हणणारा कर्ता या पाचांतला एक. एक पंचमांश म्हणावं तर तेवढीही खात्री नाही. जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असा त्या अध्यायाचा स्पष्ट अभिप्राय आहे.

मग माणसाच्या हातात उरलं काय? इथे बरेच प्रवचनकार लगेच फळाच्या त्यागाकडे वळतात. त्याआधी थोडं थांबायला हवं. कारण कर्त्याला पुरेपूर वाव मिळतो अशी एक जागा आहे, आणि ती जागा म्हणजे सामन्याच्या आधीची सकाळ.

बेसबॉलमध्ये ‘टी’ नावाचं एक साधं साधन असतं. रबरी नळीचा उभा खांब, वर चेंडू ठेवायला खोबण. चेंडू हलत नाही, फेकणारा नसतो, घाईही नसते. नवख्याला हे लहान मुलांचं खेळणं वाटतं, पण कारकिर्दीत ३१४१ यशस्वी फटके (हिट) आणि आठ वेळा लीगमधली सर्वोच्च सरासरी नावावर असलेला टोनी ग्विन शेवटपर्यंत टीवर घाम गाळत राहिला. टीवर सगळं ठरवता येतं. चेंडू अंगाजवळ ठेवला, तर बॅटची भेट पुढे, शरीरासमोर व्हायला हवी. लांब ठेवला, तर उशिरा, मागे. बॅट खालून उचलली जात असेल तर ती चेंडूआधी नळीवर आदळते आणि थाडकन आवाज येतो. मग एकच हात वापरायचा, आखूड बॅट घेऊन. आधी पुढचा हात, नंतर मागचा, म्हणजे कुठला हात आळस करतो ते कळतं. मग जोडीदाराने बाजूने बसून अलगद उडवलेले चेंडू. प्रत्येक वेळी थांबता येतं, बदलता येतं, पुन्हा करता येतं.

सामन्यात यातलं काहीही शक्य नसतं. म्हणूनच असं म्हणावंसं वाटतं, की स्वातंत्र्य या शब्दाला काही अर्थ असेल तर तो फलंदाजाच्या बाबतीत सरावात आहे, सामन्यात नव्हे. सामन्याच्या पाव सेकंदात त्याला निवड नसते; निवड तो गेल्या मंगळवारी, गेल्या वर्षी, दहा वर्षांपूर्वी करून बसलेला असतो. कर्तृत्वाचा क्षण आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो. आपण तो टाळ्यांच्या जागी शोधतो आणि तो असतो रिकाम्या मैदानावर.

ती निवड शरीरात साठते तरी कशी? वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी याचा विचार केला आहे आणि त्यांची मांडणी आजही ताजी वाटते. संस्कार नावाचा एक गुण ते मानतात आणि त्याचे तीन प्रकार सांगतात. पहिला वेग: सुटलेला बाण ज्याच्या जोरावर पुढे जात राहतो तो. दुसरा स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेली फांदी सोडली की पूर्ववत होते ते ज्यामुळे. तिसरा भावना, म्हणजे अनुभवाने आत्म्यावर उमटलेला आणि पुढे स्मृतीला जन्म देणारा ठसा. बाणाचा वेग आणि माणसाची आठवण या विचारवंतांनी एकाच वर्गात बसवली. फटक्याच्या क्षणी हे तिन्ही संस्कार एकत्र येतात: चेंडूचा वेग, त्याच्या गाभ्याची उसळी आणि फलंदाजाच्या आत रुजलेला ठसा. हा ठसा दृढ कशाने होतो याचीही या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी तीन कारणं दिली आहेत. एकतर अनुभव तीव्र असावा, किंवा तो पुन्हा पुन्हा यावा, किंवा तो आदराने, लक्ष लावून घेतलेला असावा. पतंजलींनीही अभ्यासाची भूमी पक्की व्हायला दीर्घकाळ, सातत्य आणि आदर अशाच अटी घातल्या आहेत.

यातली आदराची अट सर्वांत अवघड. शंभरावा चेंडू पहिल्यासारखा कसा मारायचा? शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी यावर उपाय काढला होता. दिवसभर खेळून मुलगा दमला, की सर मधल्या यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला बाद करील त्याला नाणं. कुणीच बाद करू शकलं नाही तर ते सचिनचं. अशी तेरा नाणी सचिन तेंडुलकरने जपून ठेवली आहेत. रुपयाची किंमत सरांना ठाऊक होती आणि मुलालाही. नाण्याने विकत घेतलं जात होतं ते दमलेल्या शरीराचं लक्ष.

या विषयाची सर्वांत खोल हकीकत मात्र जपानमधली आहे. सदाहारु ओ १९५९ मध्ये तोक्योच्या योमिउरी जायंट्स या बेसबॉल संघात आला आणि पहिल्या २६ प्रयत्नांत त्याला एकदाही हिट मिळाली नाही. तीन वर्षं अशीच धडपडीत गेली. फटक्याच्या ऐन सुरुवातीला त्याच्या हातांना एक हिसका बसायचा, तो कशाने जाईना. १९६२ मध्ये हिरोशी आराकावा नावाचे प्रशिक्षक आले. ते आयकिदो ही जपानी युद्धकला शिकत होते, या विद्येचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा यांच्याकडे त्यांची ऊठबस होती. आराकावांनी ओला पुढचा पाय पूर्ण उचलून एका पायावर उभं राहायला लावलं. हिसका द्यायला आधारच उरला नाही. हिसका दिला तर तोल जाणार. १ जुलै १९६२ ला तो पहिल्यांदा सामन्यात तसा उभा राहिला. त्या हंगामात त्याने ३८ होम रन मारले, १९६४ मध्ये ५५.

पण पायापेक्षा महत्त्वाची आहे ती तलवार. आराकावांच्या घरी, तातामीच्या चटईवर, छताला कागदाची पट्टी टांगलेली असे आणि ओने खऱ्या जपानी तलवारीने ती कापायची असे. कागदाला वजन नसतं. जोर लावला तर तो वाऱ्यानेच बाजूला होतो. पातं किंचित वाकडं आलं तरी कागद फडफडतो, कापला जात नाही. ताकद, राग, जिंकण्याची हाव यांतलं काहीही त्या पट्टीवर चालत नाही. अंग, पातं आणि दृष्टी एका रेषेत आली तरच दोन तुकडे खाली पडतात. रात्रीमागून रात्री हे चालायचं. १९८० मध्ये ओ निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ८६८ होम रन होते आणि चार वर्षांनी आलेल्या त्याच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात ‘झेन’ हा शब्द होता. या हकिकतीतला धर्म तेवढ्यापुरता नाही. कागदापुढे स्वतःचा मोठेपणा कामाला येत नाही हे एका माणसाला वर्षानुवर्षं, रोज, अंगाने समजत गेलं, ही गोष्ट कुठल्याही मठातल्या शिकवणीच्या तोलाची आहे.

आपल्याकडे हीच गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात येते. अर्जुनाला अंधारात जेवायला वाढू नकोस असं द्रोणांनी आचाऱ्याला बजावलेलं असतं. एके रात्री अर्जुन जेवत असताना वाऱ्याने दिवा विझतो. हात मात्र चुकत नाही. घास नेमका तोंडाशी जातो. अर्जुनाच्या लक्षात येतं की हे सवयीचं काम आहे, आणि तो उठून काळोखात धनुष्य घेऊन बसतो. प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोण येतात. आपल्या शिष्याने हे गुपित स्वतःच शोधलं याचा त्यांना आनंद होतो.

त्याच पर्वात थोडं पुढे एकलव्य आहे, आणि त्याला टाळून अभ्यासाचं गुणगान करणं अप्रामाणिकपणाचं होईल. भिवंडी, शहापूर, वाड्याच्या पट्ट्यात वारली आणि कातकरी पाडे आहेत. तिथे ही कथा नुसती जुनी गोष्ट म्हणून ऐकली जात नाही. एकलव्याने पतंजलींच्या सगळ्या अटी पाळल्या. दीर्घकाळ, सातत्य आणि मातीच्या मूर्तीपुढे आदरही. तरीही अंगठा गेला. त्यानंतर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असं व्यासांनी नोंदवून ठेवलं आहे. हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. सरावातलं स्वातंत्र्य खरं असलं तरी ते पोकळीत नसतं. मैदान कोणाला मिळतं, मोकळी सकाळ कोणाच्या वाट्याला येते, हे आधीच ठरवून टाकणारे लोक असतात.

भिवंडीत तर याचं रोजचं उदाहरण आहे. यंत्रमागावरचा कामगार बारा-बारा तास तीच हालचाल करतो: धागा तुटला, माग थांबव, गाठ मार, कांडी बदल, माग सुरू कर. एकाच वेळी अनेक मागांवर नजर. त्याच्या बोटांतलं कौशल्य ओच्या मनगटांतल्या कौशल्यापेक्षा कमी नाही आणि त्याच्या कृतीची आवृत्ती तर कितीतरी जास्त. मग याला साधना का म्हणवत नाही? कामाला पूजा म्हणण्याची रीत आपल्याकडे आहे, पण इथे ती वापरताना जीभ अडखळावी. टीवर चेंडू कुठे ठेवायचा हे खेळाडू ठरवतो. मागाचा वेग, पाळीची लांबी आणि मजुरीचा दर कामगार ठरवत नाही. आवृत्ती तीच, पण त्याच्यातून बदलण्याचा हक्क काढून घेतला की शरीरात नुसता थकवा साठतो. गीतेचा कर्ता हा पाचांतला एक असला तरी तो असावा लागतो. ज्या व्यवस्थेत त्याला उणे करूनच काम चालतं तिथे अभ्यासयोगाची भाषा बोलू नये.

आता फळाकडे. मार्च १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ चेन्नईत खेळायला आला, तेव्हा शेन वॉर्न लेग स्टंपबाहेरच्या खडबडीत जागेवर चेंडू टाकणार हे तेंडुलकरने आधीच ओळखलं होतं. त्याने माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला त्याच टप्प्यावर गोलंदाजी करायला लावून तयारी केली. ती तयारी आज दंतकथेसारखी सांगितली जाते. सांगताना एक गोष्ट मात्र हळूच वगळली जाते: पहिल्या डावात तो वॉर्नच्याच चेंडूवर स्लिपमध्ये झेल देऊन ४ धावांवर बाद झाला. दुसऱ्या डावात नाबाद १५५ आणि भारताचा १७९ धावांनी विजय. तयारी दोन्ही डावांना एकच होती. दुसरा डाव मिळाला नसता तर तो सराव वाया गेला असं म्हटलं गेलं असतं आणि ते खोटं असतं. बेसबॉलमध्ये टेड विल्यम्सची १९४१ सालची .४०६ ही सरासरी शिखरासारखी मानली जाते. तिचा अर्थ शंभरातले एकोणसाठ प्रयत्न फुकट गेले. सर्वोत्तम अभ्यासाच्या पदरातही बहुतेक वेळा काही पडत नाही, हे या खेळाने आकड्यांत लिहून ठेवलं आहे.

मन आवरायला अभ्यास आणि वैराग्य दोन्ही लागतात, असं गीता आणि योगसूत्रं दोन्ही सांगतात. वैराग्याचा क्रिकेटमधला दाखला जानेवारी २००४ चा, सिडनीचा. त्या मालिकेत तेंडुलकर ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर ड्राइव्हच्या मोहात बाद होत होता. सिडनीत त्याने कव्हर ड्राइव्ह बाजूलाच ठेवला. ४३६ चेंडू, नाबाद २४१, आणि त्यात तो फटका नाही. लहानपणापासून हजारो वेळा घोटलेली, प्रेक्षकांना सर्वांत आवडणारी गोष्ट समोर निमंत्रण देत असताना हात बांधून ठेवायचे, आणि तेही दहा तासांहून अधिक. ज्याने तो फटका घोटलाच नाही त्याला तो सोडता येत नाही. अभ्यासाविना वैराग्याला सोडायला काहीच नसतं.

क्रिकेटमध्ये निदान दुसरा डाव असतो. गणेशपुरीत माळ घेऊन बसलेल्या माणसाचा डाव एकच, आणि तो कधी येईल हे त्याला ठाऊक नाही. गीतेचा आठवा अध्याय हेच सांगतो. शेवटच्या क्षणी मनात जे येतं तशी पुढची गती. पण त्या क्षणी काय आठवायचं हे त्या क्षणी ठरवता येत नाही, म्हणून सर्वकाळ स्मरण ठेवून समोरचं युद्ध कर, असं कृष्ण अर्जुनाला सांगतो आणि लगोलग अभ्यासयोगाचं नाव घेतो. बेसबॉलच्या चेंडूला १०८ दुहेरी टाके असतात आणि जपमाळेत मणी १०८. हा निव्वळ योगायोग आहे. योगायोग नाही तो दोन्हींमागचा हिशोब: जिथे विचाराला वेळच मिळणार नाही अशा एका क्षणासाठी, वेळ हाताशी असताना करून ठेवलेली तयारी.

या हिशोबाला भागवताच्या सहाव्या स्कंधात एक मोठा आक्षेप आहे. अजामिळ. आयुष्यभर भलत्या वाटेने गेलेला हा माणूस मरताना यमदूतांना पाहून घाबरतो आणि धाकट्या मुलाला हाक मारतो. मुलाचं नाव नारायण. विष्णुदूत धावून येतात, अजामिळ सुटतो. आदर नाही, लक्ष नाही, हेतूही देवाचा नाही. मग प्रशस्तपाद आणि पतंजलींच्या अटींचं काय? एक उत्तर कथेतच आहे. म्हातारपणी झालेल्या त्या पोराला तो दिवसभर हाका मारत असे, जेवताना, पाणी पिताना, खेळवताना. नाव जिभेवर बसलं होतं, आणि ते प्रेमाने बसलं होतं. त्याला साधना म्हणायचं की नाही यावर भक्तांचं आणि नैयायिकांचं एकमत होणं कठीण आहे. प्रेमाला आदर मानायचं तर अजामिळ अटीत बसतो, आणि तसंच मानावं असं वाटतं.

कथा तिथे संपत नाही, हे मात्र कीर्तनात बऱ्याचदा राहून जातं. सुटका झाल्यावर अजामिळ लगेच वैकुंठाला जात नाही. तो शुद्धीवर येतो, झालं ते आठवून खजील होतो, घरदार सोडून गंगाद्वाराला जातो आणि एका देवस्थानात आसन घालून इंद्रियं आवरण्याच्या अभ्यासाला पहिल्यापासून सुरुवात करतो.